फुप्फुसातला तीन दिवसांचा मुक्काम

कालव्याच्या पाण्यातली अळी कातडीतून अंगात शिरते, रक्ताबरोबर फुप्फुसात जाते, तिथे तीन दिवस मुक्काम ठोकते आणि मग यकृताकडे निघते. या एका वाक्यावर प्राध्यापक हिल्मींची खुर्ची उभी होती, आणि ते वाक्य उभं होतं उंदीरखोलीतल्या मदतनिसाच्या, मेतवल्लीच्या मोजणीवर.

अळ्या सोडलेल्या उंदरांपैकी रोज पाच मारायचे, त्यांची फुप्फुसं कातरायची, कोमट खारट पाण्यात ठेवायची, बाहेर वळवळत येतील तेवढ्या अळ्या मोजायच्या. एकतीस वर्षं मेतवल्लीनं हेच केलं; सगळे त्याला अम्म, म्हणजे काका, म्हणत. लहानपणी कालव्यात डुंबताना याच अळ्या त्याच्याही अंगात शिरल्या होत्या, लघवीतून रक्त गेलं होतं. त्यांचा माग काढायला तेव्हा कोणी आलं नाही. तो उंदीर नव्हता.

हिल्मींची विद्यार्थिनी नेव्हीन हिनं डॉक्टरेटसाठी तोच प्रयोग पुन्हा केला. तिच्या अळ्या फुप्फुसात थांबेचनात.

"तुझ्या अळ्यांना फार घाई दिसते," हिल्मी म्हणाले. "महिनाअखेर आकडे जुळले नाहीत तर तुझं नाव कमी करतो."

नेव्हीननं चौथ्यांदा मोजलं. तेच आलं. मेतवल्लीनं तिच्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि तडक हिल्मींच्या खोलीत गेला.

"डॉक्टरसाहेब, पोरीचं बरोबर आहे. आपल्या प्रयोगाच्या वेळी सहाव्या दिवसानंतर छोटी ईद लागली. मी गावी गेलो. तीन दिवस एकही उंदीर मारला नाही."

"मग आकडे?"

"सहाव्या दिवसाचेच पुढे उतरवले. थोडे इकडेतिकडे करून."

"आणि ते पंधरा उंदीर?"

"त्यांचीही ईद झाली. परत आल्यावर मारून टाकले, न मोजता."

हिल्मींनी समोरची वही मिटली. मग हसले. "अम्म मेतवल्ली, तुमचं वय झालं. जा, आराम करा."

आठवड्यानं त्यांनी तोडगा जाहीर केला : अळ्यांचे वाण दोन. एक जुना, मुक्काम करणारा. दुसरा नवा, उतावळा. त्याच्या शोधाचं श्रेय नेव्हीनला, अर्थात हिल्मींच्या मार्गदर्शनाखाली. प्रबंधावर दोघांच्या सह्या झाल्या.

"पण बाई, ईदचे आकडे बनावट, तुला तर मी सांगितलंय," मेतवल्ली म्हणाला.

"ठाऊक आहे, अम्म. आठ वर्षं झाली मला इथे. आता सुटू द्या." तिनं प्रबंध उघडून त्याच्यापुढे धरला. "हे बघा, तुमचं नाव घातलंय. 'अचूक मोजणीबद्दल अम्म मेतवल्ली यांचे आभार.'"

मेतवल्लीनं ओळीवर बोट ठेवलं. "यातलं 'अचूक' तेवढं खोड."

"छापून झालंय, अम्म."