मोठ्या बाबांची टीव्हीतली दवंडी

दोष सगळा मोठ्या बाबांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं पुढं ऐकणारा उगाच माझ्याकडं बघायला लागतो. तसं बघू नका. चहा घ्या आणि ऐका.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. जन्मभर महसुलात गिरदावर होते. गावोगाव हिंडून पिकं आणि बांध तपासायचे, आणि ते आले की लोक उठून उभे राहायचे. रिटायर झाले तसे लोक उठायचे बंद झाले. अशा वेळी माणूस काय करतो? मोठ्या बाबांनी डिश आणली.

भीमपूरकडच्या आमच्या गावात तोवर डिश कुणाकडंच नव्हती. स्लॅबवर ती मोठी छत्री, खाली कपाटात डबे, आणि तिथून वायर भावकीतल्या चार घरांत. चॅनल मात्र एकच. मोठे बाबा जे लावतील ते चारी घरांनी बघायचं. कपाटाला कुलूप आणि किल्ली करगोट्याला. शेवटची ओव्हर चालू आहे, दोन चेंडू राहिलेत, आणि एकाएकी चारी घरांत तेलुगूतून कापसावरची बोंडअळी सुरू. जाऊन भांडावं तर म्हणायचे, "शेतकऱ्याच्या घरचे ना तुमी? मंग पाहा अळी." तेवढं बोलून स्वतः झोपायचे.

ही सगळी जोडणी कुणी केली? मी. इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, अर्ध्यात सोडलं, मग आदिलाबादला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स धरला, तोही सोडला. सोडला म्हणजे काय, शिकवणाऱ्याला तोंडावर म्हणालो की तुम्हाला सोल्डर करता येत नाही. त्याला खरंच येत नव्हतं. पण आमच्या घरात याला कोर्स सोडणं म्हणतात.

एक दिवस मोठ्या बाबांचं फर्मान निघालं.

"विन्या, ह्या डब्याले माइक लावून दे."

"काऊन?"

"चारी घराले काही सांगाचं असलं त ओट्यावर येऊन ओरडा लागते. आता टीव्हीतून सांगत जाईन."

म्हणजे दवंडी. घरबसल्या. मी म्हणालो, असं कुणी करत नाही. ते म्हणाले, "तुह्याच्यानं होत नसन त तसं सांग." आता असं कुणी म्हटल्यावर मी काय गप्प बसणार?

डब्याची सेटिंग अशी केली की त्यांच्या खुर्चीजवळच्या तिपाईवर माइक आणि बटण. बटण दाबलं की टीव्हीचा आवाज बंद, मोठ्या बाबांचा चालू. चित्र तेच. पहिल्याच दिवशी बातम्या देणारी तेलुगू बाई चारी घरांत गोड हसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गंगू, तुही म्हैस माह्या कडब्यात शिरली हाय. हाकल तिले." समोरच्या घरातली गंगू काकी भाकर तव्यावर टाकून धावली. मोठे बाबा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

पण बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहायचं, आणि मोठे बाबा झोपायचे. सिरियलमध्ये सासूनं सुनेला घराबाहेर काढलंय, सून दारात उभी राहून घोरतेय. बायका माझ्यावर उठल्या. मग मी बटण बदललं. दारावरच्या घंटीचं बसवलं. बोट ठेवलं तोवर चालू, उचललं की बंद. गिरदावर झोपला की बोट सुटणार. याहून पक्कं काही असू शकतं का? मी तर चारी घरांत सांगत फिरलो की आता कुणालाही, कधीही त्रास होणार नाही.

आता कुंदाचं ऐका.

कुंदा नेरडीगोंड्याची. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिनं माझ्या हातात चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "टीव्ही दुरुस्त करता येते, का नुसती उघडता येते?" तिच्या मामानं डोळे वटारले. मी बशीत चहा ओतत राहिलो. परतीच्या बसमध्ये एकाहून एक उत्तरं सुचली, पण तोवर आम्ही भीमपूरला पोचलो होतो. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडं पोरानं असलं सांगायचं नसतं.

तिच्या मामाचं हायवेवर दुकान होतं. पंखे, मोटार-रिवाइंडिंग. दुरुस्तीचं टेबल रिकामंच पडलंय, जावई बसला तर बरंच, असं ते म्हणाले होते. म्हणजे सोयरीक जवळपास जुळलेली. राहिलं होतं फक्त त्यांनी येऊन आमचं घर बघणं.

मामा आणि कुंदाचे वडील आले. मोठ्या मायनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं, घर असं सजवलं होतं की आम्हालाच परकं वाटत होतं. जे जे ओबडधोबड होतं त्यावर विणलेला रुमाल. तिपाईवरसुद्धा. मोठ्या बाबांनी गोठा दाखवला, विहीर दाखवली, छत्री दाखवली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "पोरगा कोर्स पास हाय. सर्टिफिकेट हैद्राबादहून याचं राह्यलं."

माझ्या नाकातून चहा आला.

चहा झाला. मग पान. आमच्याकडं रीत अशी की पानसुपारी झाली की पाहुण्यांनी उठून दुसऱ्या घरी जायचं, आपसात मसलत करायची आणि येऊन काय ते सांगायचं. पाहुण्यांना समोर गंगू काकीकडं नेऊन बसवलं. मी पितळेचा तो वजनदार पानडबा उचलला आणि बरा दिसेल अशा जागी ठेवला. तिपाईवर. रुमालाच्या मधोमध.

हसू नका एवढ्यात.

घरात आम्ही तिघं. मोठे बाबा, माझा बाप आणि मी.

"मोठे बाबा, काऊन खोटं बोलून राह्यले? मी पास नाही."

"गप राय. सोयरीक अशीच जुळते. तुह्या बापाच्या टायमाले मी बारा एकर ओलीत सांगतलं होतं."

बाप म्हणाला, "म्हणजे नव्हतं का?"

"कुठून असन?"

"मले आजपावतो वाटे, तुमी इकलं."

माझा पारा चढला. म्हणालो, "तुमी म्हातारे सगळे एकाच साच्यातले. खोटं सांगता अन् निस्तरा लागते आमाले. जाऊन सांगा त्यायले, कोर्स अर्धा झाला, हात चालते, बस. नाही त मी सांगतो."

मोठ्या बाबांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाले, "बरं. सांगतो. मंजूर."

रिटायर का होईना, पण गिरदावर माझ्यापुढं नमला होता. तेव्हाच उठून बाहेर गेलो असतो तर आज तुम्हाला ही गोष्ट ऐकावी लागली नसती. पण बाप हसला.

"पोरगी लईच आवडली वाट्टे याले. नाही त हा कधी कोनाच्या भल्याचं बोलते का?"

"हो का रे विन्या?" मोठ्या बाबांना आता चेव आला. "तरीच त्या दिवशी अर्धा चहा पायजम्यावर सांडून राह्यला होता."

दोन म्हातारे माझ्याकडं बघून खिदळत होते. माझे कान तापले. हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. आणि मी काय म्हणालो?

"पोरगीचं काय घेऊन बसले? पोरगी मले कोनतीबी चालते. दुकान पाह्यजे. त्या मामाले धंद्यातलं काई समजत नाही. दोन वर्सात दुकान माह्या नावावर करतो का नाही, पाहा तुमी."

मोठे बाबा म्हणाले, "शाब्बास." मला बरं वाटलं.

तेवढ्यात गंगू काकी आली. सरळ तिपाईजवळ गेली, पानडबा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.

"झालं तुमचं?" ती म्हणाली.

समोर काय घडलं ते तिच्याच तोंडून कळलं. आमच्याकडचा टीव्ही बंद होता, पण कपाटातले डबे चालूच होते, आणि पाहुण्यांचा मान म्हणून तिनं तिच्याकडचा टीव्ही लावून दिला होता. बातम्यांची बाई पडद्यावर आली आणि माझ्या आवाजात म्हणाली, "मी पास नाही." काकी बंद करायला धावली, तर मामांनी तिला अडवलं. "राहू द्या बाई. बातम्या पाहून राह्यलो." बारा एकर ओलिताला त्यांना हसू आवरेना. आणि मी मोठ्या बाबांना झापलं तेव्हा कुंदाचे वडील, जे दिवसभर एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "पोरगा खरा हाय."

"खरा हाय," मामा म्हणाले. "सर्टिफिकेटचं काय लोणचं घालाचं हाय? देऊन टाकू."

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. काकी कुंकू आणायला आत गेली. करंडा घेऊन बाहेर आली तेव्हा टीव्हीतली बाई म्हणत होती, पोरगी मले कोनतीबी चालते.

मामांनी नारळ परत पिशवीत ठेवला. काकी म्हणते, सावकाश ठेवला.

ते आमच्या दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत. मोठे बाबा उठून उभे राहिले.

"साहेब, तुमी खोटं बोलले त्याचं आमाले काई नाही," मामा म्हणाले. "सगळेच बोलते. पण तुमचं पोरगं खरं बोलते, हे आमी सोताच्या कानानं ऐकलं. म्हणून जातो."

मी चपला न घालता त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेलो. "मामा, ते पोरगीचं खोटं बोललो मी."

मामा थांबले. "आन् आधीचं?"

"आधीचं खरं होतं."

"आमी कसं वळखाचं?"

त्या दिवशी त्या घरात सगळ्यात कमी खोटं मीच बोललो होतो. मोठे बाबा हे आजही मान्य करत नाहीत. ते म्हणतात, बटणावर पानडबा कुणी ठेवला ते सांग.

पुढच्या उन्हाळ्यात कुंदाचं लग्न उटनूरच्या एका कारकुनाशी झालं.