माहं नाव चंद्री नाही

असल्या गोष्टी वाचून मी हसणाऱ्यांतली, हे आधीच सांगून टाकते. आम्ही नेर तालुक्यातले बौद्ध. घरात अंगारा नाही, उतारा नाही. बाबा तर म्हणतात, "भूत बी गरिबाच्याच घरी काहून जाते व? बंगल्यात जागा नसते काय त्याले?" त्यामुळे हे कसं लिहावं, कळत नाही...

यवतमाळला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले पेशंट तेव्हा रोज येत. आमच्या कामाला मार्क चौघांकडून — कॉलेजच्या मॅडम, वॉर्डच्या सिस्टर, सोबतची मुलगी आणि स्वतः पेशंट. नापास झाले असते तर शिक्षण तिथंच थांबलं असतं. मामांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

माझ्याकडे खिडकीजवळची बाई होती. शेतमालकानं तिला आणून टाकलं आणि तिचं नावही न सांगता निघून गेला. घशात नळी, शुद्ध नाही. तोंडातून सारखा फेस, लाळ, आणि त्याला फवारणीच्या औषधाचा वास — सडक्या लसणासारखा. मला उमळून यायचं. तिच्या गालाच्या आतून बोळा फिरवताना मी मास्कमध्येच पुटपुटायचे, "झालं व चंद्री, झालं." चंद्री आमची म्हैस. तिच्या जखमेतले किडे काढताना आई असंच म्हणते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं... हसले असते सगळे.

मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी ती बाई गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम एकट्याच वॉर्डात फिरून आल्या आणि आम्हा तिघींना सिस्टरच्या खोलीत बोलावलं. सिस्टर म्हणाल्या, "हिले किळस येते मॅडम. तोंड पाहा ना हिचं! अन् म्हणे नर्स होतो." सोबतिणीनंही मान हलवली. मला वाटलं, संपलं.

"पण पेशंट खूश आहे," मॅडम म्हणाल्या. "ती खिडकीजवळची. तोंड रोज साफ करते म्हणाली. एकच तक्रार — पोरगी चुकीच्या नावानं हाक मारते. 'माहं नाव काय चंद्री हाय का?' म्हणे. काय गं, पेशंटला नाव विचारून हाक मारायची, हे पहिल्या वर्षीच शिकवलं ना?"



"कोणती बाई?" सिस्टर म्हणाल्या. "थो बेड कालपासून रिकामा हाय. अन् तिच्या घशात नळी होती मॅडम, बोलन काय ते?"

मॅडमनी मार्कांचा कागद पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "पेशंटच्या रकान्यात शेजारच्या बाईचं नाव टाका. मार्क तेच राहू द्या."

"टाका, टाका. कोण इचारते!" सिस्टर हसल्या.

मी पास झाले. त्या लाळेची आली नव्हती एवढी किळस मला त्या खोलीत आली — त्यांची, आणि हायसं वाटलेल्या माझीही.

चंद्री हे नाव मॅडमपर्यंत कसं पोचलं, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी दारात त्यांना गाठून मी एवढंच विचारलं होतं, "मॅडम, मग तिनं स्वतःचं नाव काय सांगितलं?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "ते... विचारायचं राहून गेलं."