नदीचे डोहाळे

पाटावर बसायला मी वाकले, तोच सासूबाईंनी खालचा पाट ओढून घेतला.

"काय करूलालीस ग? हा तुझा नव्हे."

काय करते आहेस, असं त्यांना म्हणायचं होतं. मी तशीच अर्धवट वाकलेली राहिले. अंगावर हिरवं लुगडं, केसांत त्यांनीच माळलेला अबोलीचा गजरा... आणि पाट माझा नव्हता.

ही कुंभकोणमची गोष्ट, पन्नासच्या दशकातली. मी साताऱ्याची. लग्न होऊन तिकडे गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. सासरचं घर मराठीच, पण मराठे राजांच्या काळात तंजावर मुलखात आलेलं आणि तिथेच राहिलेलं. त्यांचं मराठी मला पोथीतलं वाटायचं, माझं त्यांना सिनेमातलं.

मला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांना मान्य होतं. डोहाळजेवण झाल्याशिवाय माहेरची गाडी धरायची नाही, हेही तितकंच मान्य. आणि आठवा लागला की डॉक्टरीणबाई प्रवास करू देणार नव्हत्या.

आठवा अगदी तोंडावर आला होता. समारंभाचं मात्र कोणी नाव काढत नव्हतं. नव्या सुनेने विचारायचं तरी कसं...

अशात आदल्या दिवशी सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, सहज बोलून गेल्या, "उद्या डोहाळे. लवकर न्हाऊन घे." मी मनातल्या मनात साताऱ्याला पोचलेसुद्धा.

सकाळी स्वयंपाकघरात चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, गूळभात, दहीभात. मला कित्येक दिवस चिंचच हवीशी वाटत होती. न सांगता कुणीतरी ओळखलं, म्हणून डोळे भरून आले होते. मग पाट गेला.

आत्याबाईंनी त्या पाटावर तांब्याचा कलश ठेवला. "आज आडी महिन्याची अठरावी. कावेरी गर्भार असते. आधी तिचे डोहाळे, मग आपलं जेवण." आडी म्हणजे तिकडचा आषाढ.

आणि माझे?

नदी घरामागेच. घाटावर सगळं गाव लोटलेलं, डबे, पोरं, हळदीकुंकवाची ताटं... आणि पात्रात पाणीच नव्हतं. नुसती वाळू. वरच्या धरणातून पाणी यायला त्या वर्षी उशीर होत होता.

मी डोंगराखालची मुलगी. पाऊस पडला की नदी भरते, एवढंच मला ठाऊक. इथे आभाळ कोरडं असताना नदीला पूर येतो म्हणे. तोही लांब कुठेतरी लोखंडी दार उघडल्यावर.

मामंजी, म्हणजे सासरे, पायरीवर बसले. "पूर्वी ती आपली आपण यायची. आता तिला वरून ऑर्डर लागते."

"म्हणजे दिवस भरलेल्या बाईने ऑर्डर येईतो थांबायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"थांबलीच आहे की."

"तुम्हांस काय जातं बोलायला!"

मी एकदा आत्याबाईंकडे पाहिलं, एकदा मामंजींकडे. दोघं नदीबद्दलच बोलत होते का, मला कळेना.

आत्याबाई वाळूत उतरल्या आणि हातांनी खड्डा करू लागल्या. बाकीच्या बायकाही तेच करत होत्या. बरंच खणल्यावर ओल लागली, मग गढूळ पाणी जमलं, परातीएवढं. त्या पाण्याला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, काळे मणी, ताडाच्या पानाची कर्णफुलं, काचेच्या बांगड्या. प्रत्येक भाताचा एकेक घास. एवढ्याशा पाण्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "सुखरूप ये, आई."

मग त्याच पाण्यातून थोड्या बांगड्या काढून त्यांनी माझा हात ओढला. हातांना सूज होती, बांगडी चढेना.

"सैल सोड ग. कोण पळवून नेतं आहे तुजला?"

शेजारणी हसल्या, तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. एकीने माझ्या गालांना हळद लावली. दुसरीने चिंचेच्या भाताचा गोळा थेट तोंडात कोंबला. मी वाळूत बसले होते. गाणी नव्हती, फुलांचा झोपाळा नव्हता, ओटीसुद्धा कोणी भरली नाही. भात मात्र फार छान झाला होता. मी आणखी मागून घेतला.

परतताना हे माझ्याबरोबर मागे राहिले होते. मी ह्यांना हळूच विचारलं, "ते नदीचं होतं, की माझं?"

"काय?"

"बांगड्या वगैरे... डोहाळे."

हे हातातले डबे सावरत म्हणाले, "आमच्यात वेगळं करतात की नाही, मला नक्की ठाऊक नाही. आईस विचार."

मी विचारलं नाही. आत्याबाई पुढे चालल्या होत्या, रिकामं पातेलं कडेवर घेऊन, भराभर.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ म्हातारी आहे. सुनांची, नातसुनांची डोहाळजेवणं हॉलमध्ये पाहिली, फोटोग्राफर सांगेल तसं हसून झालं. तिथे कार्यक्रम कोणाचा, ही शंका कुणाला येत नाही. माझी मात्र अजून फिटलेली नाही... नदीच्या ताटातलं मला वाढलं होतं, की माझ्या ताटातलं नदीला?

त्या डोहाळ्यांच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मामंजी स्टेशनवर जाऊन साताऱ्यापर्यंतची दोन तिकिटं घेऊन आले. एक माझं, एक मला पोचवायला येणाऱ्या आत्याबाईंचं. नदीला पाणी अजून आलेलं नव्हतं.