कोशाच्या घडीत गेलेला सहावा अंक

मुलगी नागपूरला शिकते. गेल्या खेपेला निघताना तिने एक अंक टेबलावर ठेवला आणि बजावलं, "पप्पा, याले हात लावू नका. शेवटचा हाये. परीक्षा झाली की शनिवारी येते, मीच पहिले वाचीन."

एका गुप्तहेर बाईची हिंदी चित्रकथा ती. आधीचे पाच अंक मी चोरून वाचले होते. तिच्यासमोर मात्र त्यांना 'पोरासोरांची चित्रं' म्हणत आलो होतो. ही बाई उडत नाही, भिंती फोडत नाही. तिला भेटलेल्या माणसाला तिचा चेहरा आठवत नाही, एवढीच तिची शक्ती. लक्षात राहतो फक्त कोट. कोट बदलला की बाई नवी! पानंच्या पानं काळी-पांढरी, मधेच एक लाल हातमोजा. आणि तो कोट खांद्यावरून असा पडतो, की कापड कोणतं हे मी नुसतं बघून सांगावं.

साकोलीत आमचं साड्यांचं दुकान आहे. आजोबा कोसा रेशीम विणायचे, मी विकतो. गिऱ्हाइकाचा चेहरा मला दहा मिनिटं लक्षात राहत नाही, साडी मात्र वर्षानुवर्षं राहते. बायको म्हणते, "मले पाहाले आले तवा साडीच पाहून गेले तुम्ही." खोटं नाही. साडी चांगली होती.

पाचव्या अंकाच्या शेवटी कळलं होतं, की हेरखात्यातलाच कोणीतरी फितूर आहे. मला राहवेना. गुरुवारी सहावा अंक दुकानात नेला. आठ पानं झाली असतील, तेवढ्यात एक बाई पायऱ्या चढून आल्या. पन्नाशीचा माणूस चित्रं बघत बसलेला दिसू नये म्हणून मी अंक समोरच्या कोशाच्या साडीच्या घडीत, पुठ्ठ्याच्या जागी सरकवला. बाईंनी दहा साड्या पाहिल्या आणि नेमकी तीच घेतली. मी ती स्वतःच्या हाताने पिशवीत घालून दिली. उरलेल्या नऊ आवरताना एकेक घडी चाचपली; अंक कशातच नव्हता.

चेहरा आठवेना, पण मोहरी रंग आणि लाल काठ डोळ्यांसमोर होते. बिलावर पत्ता सापडला: जवाहरनगरचं क्वार्टर. शुक्रवारी स्कूटर काढली. काळा चष्मा लावला तो उन्हासाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

"ताई, त्या साडीत एक धागा तपासायचा राहिला. जरा उलगडून पाहू द्या."

"नाही जी भाऊ. आहेराची साडी हाये. तिची घडी नवी वहिनीच मोडन, लग्नाच्या दिवशी."

"अर्धीच उलगडतो."

"अर्धी मोडली म्हंजे मोडलीच ना? आन् घरात चष्मा कायले लावून राहिले?"

चष्मा काढला आणि खरं काय ते सांगून टाकलं. बाई आत जाऊन अंक घेऊन आल्या.

"कालच हाताले लागला. घडीले धक्का न लावता वढून काढला. मले वाटलं, साडीवर फुकट हाये." अंक माझ्या हातात देता देता म्हणाल्या, "तो लिफ्टवाला बुढा फितूर हाये जी. मागचे अंक असन तर पाठवा ना."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परतताना चहाच्या टपरीवर उरलेला अंक वाचला. आता काय मजा, असं वाटलं होतं. पण आता आठवलं, लिफ्टवाला प्रत्येक अंकात होता. पितळी गुंड्यांचा गणवेश घालून, दर वेळी पानाच्या कोपऱ्यात. कपडे पाहणारा म्हणून मिरवणाऱ्या मी गणवेशाकडे लक्षच दिलं नव्हतं. त्या गुंड्या आठवत आठवत घरी आलो.

शनिवारी मुलीने अंक उघडला आणि नाकाला लावला.

"पप्पा, याले कोशाचा वास काहून येऊन राहिला?"

"दुकानात ठेवला होता. नीट राहावा म्हणून."

"वाचला तर नाही?"

"छे. पोरासोरांची चित्रं."

ती वाचत बसली. मी समोर पेपर धरून तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटाला ती ओरडलीच, "लिफ्टवाला? अरे देवा!"

"गुंड्या नाही पाहिल्या का तू?" मी म्हणालो. "पहिल्या अंकापासून आहेत."

तिने अंक मिटला.

"पहिल्या अंकापासून?"

पेपर वर करून काही उपयोग नव्हता.

"दाखवा मंग," ती म्हणाली आणि कपाटाकडे निघाली. ते पाचही सोमवारी जवाहरनगरला पाठवायचे आहेत, हे तिला सांगायचं अजून राहिलंच होतं.