पाठीवरचं बोट

मी पडायचे ती फक्त देवापुढे. बाजारात पडले नाही, सानपाडा स्टेशनच्या जिन्यावर पडले नाही. पण हात जोडून डोळे मिटले की लागलेच डुलायला. गेल्या गणपतीत घरच्याच आरतीत डुलता डुलता थेट मखरात गेले. लायटिंगची माळ गळ्यात, मोदकांचं ताट बुडाखाली! समोरच्या फ्लॅटमधली बाई धावत आली. मला वाटलं उचलायला येतेय, तर तिने माझ्या कपाळाला कुंकू लावून विचारलं, "आई, माझ्या मुलीचं लग्न कधी जमेल?" तिला वाटलं माझ्या अंगात आलंय. मी म्हटलं, "अगं बये, आधी मला उठव, मग बघू."

मुलाने फर्मान काढलं, पुढच्या वर्षी आई खुर्चीत बसून आरती करणार. खुर्ची! आमच्या सोसायटीत बाई एकदा खुर्चीत बसली की तिला परत कोणी उठवत नाही. प्रसाद हातात आणून देतात आणि तिच्यादेखत तिच्या तब्येतीची चर्चा करतात. मेलं ते जिणं. मला माझ्या गणपतीपुढे माझ्या पायांवर उभं राहायचं होतं, बस्स.

म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. मुलगी माझी नात शोभेल एवढी, पण तल्लख. तिने माझ्या तळपायाला कापूस लावून विचारलं, "काकू, कळतंय?" मला काही कळलं नाही.

"शुगरमुळे पायांना जमीन कळेनाशी झालीय. इतके दिवस डोळे सांभाळून घेत होते. ते मिटलेत तर तुम्हाला उभं कोण ठेवणार?"

"देव," मी म्हटलं.

"त्याने ठेवलं नाही ना पण!" आवडली मला कार्टी.

तिने मला भिंतीशी उभं करून डोळे मिटायला लावले. मी डुलले. मग म्हणाली, एक बोट भिंतीला टेकवा, जोर द्यायचा नाही. आणि काय सांगू, डुलणं थांबलं! मी कुठे कलतेय ते बोटाला कळायचं आणि अंग आपोआप सरळ व्हायचं.

"पण मग हात कसे जोडू?"

"मग कोणीतरी तुमच्या पाठीला बोट लावून उभं राहायचं. धरायचं नाही, नुसतं लावायचं."

मुलगा टाळ वाजवतो, सून ताट धरते. उरले आमचे हे. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात जन्म काढलेला कट्टर नास्तिक माणूस. आरती सुरू झाली की पेपर घेऊन गॅलरीत. वटपौर्णिमेला मला म्हणायचे, "झाडाला कशाला फेऱ्या मारतेस? मी इथे बसलोय की."

बोटाचं सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या देवाला तुला सांभाळता येत नाही?"

"त्याला हात चार आहेत, पण एकही रिकामा नाही."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी असं बोट खुपसलं की मी ओरडले, "अहो, लिफ्ट बोलावताय का?" हळूहळू हात हलका झाला त्यांचा.

यंदा आरतीला मी उभी राहिले. मागे खुर्ची तयार ठेवलेलीच होती. डोळे मिटले, हात जोडले, पाठीवर बोट. सगळं ठीक चाललं. शेवटी सगळे स्वतःभोवती गिरकी घेतात, तशी सवयीने मीही वळायला लागले आणि तेव्हा लक्षात आलं, याचा सराव आम्ही केलाच नव्हता. हा माणूस आयुष्यभर गॅलरीत, त्याला काय ठाऊक इथे फिरतात ते! बोट सुटलं की मी पुन्हा मखरात.

बोट सुटलं नाही. मी वळतेय आणि ते पाठीवर तिथल्या तिथे. टाळ खाली पडल्याचा आवाज आला, ह्यांचा आवाज आला, "अरे सरका, सरका!" मी पुन्हा गणपतीसमोर आले, डोळे उघडले. उभीच होते.

"अगंबाई!" समोरची बाई म्हणाली. "काकांनी काकूंना प्रदक्षिणा घातली!"

सगळे फिदीफिदी हसले. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मागे वळून बघते तर हे धापा टाकत भिंत शोधत होते. गरगरलं होतं. सुनेने पटकन ती खुर्ची पुढे सरकवली.

"खुर्ची नको," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीला एक बोट लावलं. "धरत नाहीये," मी म्हटलं.

"राहू दे," ते म्हणाले.