पहिली पायली

कामशेतच्या बाजारात तांदूळ मोजणारे अल्लाबक्ष मापाडी पहिल्या पायलीला कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘बरकत’ म्हणत, मग दोन, तीन. घरातही मोजणी तशीच.

१९४१ साली त्यांची मुलगी उम्मेहानी पुण्याच्या कॉलेजात होती. सरांनी विचारलं, जड हायड्रोजनचा अणुक्रमांक किती? अणू जड झाला तरी क्रमांक साध्या हायड्रोजनचाच, म्हणजे एकच राहतो, हे तिला ठाऊक होतं. ती चटकन म्हणाली, “बरकत.” वर्ग खदखदून हसला.

“अब्बा, आता मी न्हाई जायची,” ती घरी येऊन रडली.

सकाळी ती दारातच बसून होती. समोर अल्लाबक्षांनी कोंडाजीच्या तांदळाची पहिली पायली भरली आणि मोठ्यानं म्हणाले, “एक.”

कोंडाजी दचकला. “अल्लाबक्षभाऊ, बरकत म्हना की! माल माजा हाय.”

“गप रं. पोरगी गाडीत बसू दे, मग म्हनतो.”

उम्मेहानी पुस्तकं घ्यायला आत गेली.