तुटायलाच हवा असा शाफ्ट

"मॅडम, आता हा बापजन्मात तुटणार नाही. लिहून घ्या."

म्हात्र्यांनी शाफ्ट माझ्या हातावर ठेवला. काय पीस होता! आरशासारखं फिनिशिंग, दोन्ही टोकांचे दाते एकसारखे, कुठे ओरखडा नाही. मानपाड्याला एमआयडीसीतल्या त्यांच्या शेडमध्ये मी उभ्या उभ्याच दोनदा "वा!" म्हटलं. मग मधोमध अंगठा फिरवला आणि माझं डोकं सटकलं.

"म्हात्रे, याची कंबर कुठे गेली?"

"कसली कंबर?"

"नमुना दिलेला ना मी? त्यात मधे बारीक भाग होता."

"अहो, तो झिजलेला! किती जुना माल. मी तो सरळ केला. स्टील पण भारीतलं घेतलं, वर हार्डनिंग केलं ते माझ्याकडून."

आता याला काय बोलणार? माणसाने जीव ओतून चूक केलेली.

मी विमानांची मेंटेनन्स इंजिनीअर. नोकरी सगळी एअरलाइनच्या हँगरमध्ये गेली. रिटायर होऊन डोंबिवलीत कुंड्यांना पाणी घालत बसलेले, तेव्हा ठाण्याच्या कर्णिकांचा फोन आला. कर्णिक धंदेवाले, हौशी. त्यांनी एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या मागे गवतात सडत असलेलं जुनं लढाऊ विमान घेतलेलं. पंख्याचं, दोन सीटचं. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. ते पुन्हा उडवायचं होतं. शीळ रोडच्या गोडाऊनमध्ये मी पहिल्यांदा त्याचं पोट उघडलं आणि खरं सांगते, प्रेमातच पडले. कॉम्प्युटर नव्हता तेव्हाची कामं ही. पण प्रत्येक पाइपला जागा ठरलेली, प्रत्येक नटापर्यंत पाना पोचतो. ज्यांनी हे कागदावर काढलं, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यातलाच हा शाफ्ट. हाताच्या मधल्या बोटाएवढा. या विमानाची चाकं उडाल्यावर पंखात जातात. ती आत-बाहेर करायला तेलाचा दाब लागतो. दाब पंप देतो आणि पंपाला इंजिन फिरवतं. दोघांच्या मधे हा शाफ्ट. जुन्याचे दाते गेलेले, म्हणून नवा करायला दिलेला. ड्रॉइंग कुठेच मिळालं नाही, नुसत्या नमुन्यावर काम.

"ती कंबर मुद्दाम ठेवलेली असते, म्हात्रे," मी म्हटलं. "पंप जाम झाला तर शाफ्ट तिथे तुटायला पाहिजे. नाही तुटला तर इंजिनाच्या आतले गिअर फुटतील. चाकांसाठी पायलटकडे हातपंप आहे. इंजिनासाठी काय आहे? एकच इंजिन, ते हवेत बंद पडलं की संपलं."

म्हात्र्यांचा चेहरा पडला. पण कबूल करतील तर शपथ.

"मी काय बोलतो मॅडम, माझ्या शेडमधून गेलेला पीस कधी तुटून परत आलेला नाही. तुटणारा माल बनवायचा असेल तर दुसरा माणूस बघा."

कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची बायको, सुनंदावहिनी, पार्ट मोजून पॅक करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर नाही का? सुकं खोबरं अडकलं की तो जातो, मोटार वाचते. तसंच असेल. मोटार जळू दे म्हणता का?"

मी हसू दाबलं. म्हात्र्यांनी माझ्या हातातला देखणा पीस उचलून भंगारच्या ड्रममध्ये टाकला. जिवावर आलं त्यांच्या, दिसत होतं.

मी गोडाऊनवर पोचले तर कर्णिक वाट बघत होते. मी शाफ्टचं सगळं सांगितलं, पण त्यांना मित्रांसमोर विमान उडवायची घाई.

"मॅडम, जाडाच बसवा ना. तुटला नाही म्हणजे झालं. पंप आपण तपासलाय की."

"तपासलाय. पण धातू जुना आहे, त्याच्या पोटात काय आहे ते मला दिसत नाही."

"म्हणजे अजून थांबायचं?"

"थांबायचं. विमान उडायला ठीक आहे, या कागदाखाली सही माझी आहे. घाई असेल तर सही करणारा दुसरा शोधा."

कर्णिक चिडले, पण चहा मागवला. माणूस वाईट नाही.

मग खरी मजा सुरू झाली. तुटणारा पीस बनवणं हे न तुटणाऱ्यापेक्षा कठीण! लवकर तुटला तरी पंचाईत, उशिरा तुटला तरी पंचाईत. जुन्या शाफ्टची कंबर मोजून किती पिळलं की तो तुटेल, ते मी काढून दिलं. म्हात्र्यांनी पीस केले. व्हाइसमध्ये एक टोक धरायचं, दुसऱ्याला किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना लावायचा आणि पिळायचं. पहिले पीस तुटता तुटेनात. म्हात्रे मनातून खूश, वरून गंभीर. मग स्टील बदललं. पुढचे दात्यांपाशीच फुटले. तेव्हा मात्र ते पेटले. "चुकीच्या जागी तुटतोय म्हणजे काय?" असं त्यांनी लेथलाच विचारलं. कंबरेची गोलाई पुन्हा पुन्हा घासली. शेवटी एका लॉटमधले, नमुन्याला घेतलेले सगळे पीस त्याच जागी, जवळपास त्याच जोराला तुटले. कडाक्! आवाजसुद्धा एकसारखा. त्या माणसाच्या हाताला मी तिथल्या तिथे नमस्कार केला. त्याच लॉटमधला एक न पिळलेला पीस विमानात बसवला.

विमान सुटं करून ट्रेलरवरून घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर नेलं, पुन्हा जोडलं. जमिनीवरच्या सगळ्या टेस्ट पास. पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचा कर्णिकांचा हट्ट होता. मी तिथे त्यांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या. पुढे एअर फोर्समधून रिटायर झालेले नाडकर्णी सर. म्हात्रे इस्त्रीचा शर्ट घालून न बोलावता आलेले.

विमानाने जमीन सोडली. कर्णिक टाळ्या वाजवत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आलं तर आलं. चाकं आत जायला लागली आणि अर्ध्यातच अडकली.

रेडिओवर सर म्हणाले, "हायड्रॉलिक प्रेशर झिरो."

म्हणजे तेलाचा दाब गेलेला. "इंजिन, सर?"

"इंजिन नॉर्मल. हातपंप मारतोय."

म्हात्र्यांनी मला हळूच विचारलं, "माझा गेला?"

"बहुतेक."

ते तिथेच खाली बसले, इस्त्रीच्या शर्टाची फिकीर न करता. डोक्यावरून विमान गेलं. इंजिन एका लयीत गुरगुरत होतं. एक चाक खाली आलं. दुसरं अजून अर्ध्यातच. मग तेही आलं, आणि सरांनी विमान असं अलगद टेकवलं की धूळसुद्धा नीट उडाली नाही.

झाकण उघडून पंप काढला. आतलं एक जुनं पातं तुटून अडकलेलं. पंप ठार जाम. शाफ्टचे दोन तुकडे, बरोब्बर कंबरेत. इंजिनाच्या गिअरवर ओरखडा नाही.

कर्णिकांनी दोन्ही तुकडे हातात घेतले. "तो जाडा बसवला असता तर?"

"तर सर आज शेतात उतरले असते," मी म्हटलं. "उतरले असते तर."

नाडकर्णी सरांनी घामाने निथळत म्हात्र्यांचा हात धरला आणि सोडेचनात. हात सुटल्यावर त्यांनी आधी घरी फोन लावला.

"अगं, तुटला! आपला पीस तुटला! अगं नाही, रडतोय कुठे... चांगलं झालं ना!"

तेव्हापासून कोणी मला म्हणालं, "एकदम मजबूत करून देतो," की मी आधी विचारते, यात तुटायला काय हवंय? मशीनमध्ये सगळ्यांनीच हट्टाने टिकून चालत नाही.

नियमाप्रमाणे ते तुकडे माझ्या तपासणीत जमा व्हायला हवे होते. म्हात्रे द्यायला तयार नव्हते. शेवटी एक तुकडा मी ठेवला, एक त्यांची सही घेऊन त्यांना दिला.